दोन वाव दोरी आणि एक निरगाठ

मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो. दोरी म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. तलवार आपली गोष्ट सांगते, वडाचं झाड सांगतं, फाटकी छत्रीसुद्धा सांगते, मग दोरीनेच काय घोडं मारलंय? माझ्या अंगात पीळ आहे आणि तो बोलण्यातही उतरतो, हे आधीच सांगून ठेवते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी तर सुंभही नाही, चांगली पांढरी सुती दोरी आहे, आणि अजून जळलेली नाही.

माझा जन्म कुठल्या गिरणीत झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातलं केरूशेठचं दुकान. तिथे जाळी, शिशाचे मणी, पाण्यावर तरंगणारे बोये आणि आमची दोरांची सगळी जात एका फळीवर बसलेली असायची. माझ्या रिळावरचे कितीतरी दोर बंदरावर गेले, होड्यांना लागले, खाऱ्या पाण्यात झिजले. माझंही तसंच होणार असं मी धरून चालले होते. पण एका संध्याकाळी दुकानात मोरू तांडेल आला. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्याचा शब्द म्हणजे होडीवरचा कायदा.

"लेकीला उड्या मारायला दोरी पायजे," तो म्हणाला.

"किती मीटर देऊ, तांडेलानू?"

"मीटर गेला खड्ड्यात! दोन वाव दे. आणि वर हातभर सोड. पोर वाढत्या अंगाची हाय."

वाव म्हणजे काय ते सांगते. दोन्ही हात पसरून उभं राहिलं की या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत होतो तो एक वाव. मिरकरवाड्यात दर्याची खोली वावात मोजतात, जाळं वावात मोजतात, दोरही वावात मोजतात. मोरूने लेकीच्या उड्यांची दोरीही वावातच मोजली, आणि तीही स्वतःच्या हातांनी. आख्ख्या वाडीत त्याच्याएवढे लांब हात कुणाचे नव्हते.

केरूशेठ हसत सुटला. "तांडेलानू, पोरगी उडवायची हाय की होडी बांधायची हाय?"

"मोठी झाली की मापात येईल," मोरू म्हणाला आणि मला काखेत मारून निघाला. ही जास्तीची लांबी पुढे माझ्याच जिवावर उठेल असं तेव्हा त्यालाही वाटलं नसेल आणि मलाही.

त्याची लेक योगिनी तेव्हा शाळेत जाणारी, दोन वेण्यांची, सुकी काटकी. मी तिला इतकी मोठी झाले की दोन्ही तळहातांना दोन दोन वेढे घेतल्याशिवाय तिला उडीच मारता येईना. पण एकदा जमली आणि मग काय विचारता! जेटीच्या सिमेंटवर मी सट् सट् वाजायचे आणि योगिनी माझ्यावरून अशी जायची की पाय टेकलेले दिसूच नयेत. तिची आई कमळा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारातून यायची. "पुरे गो, पाय मोडतील!" असं ओरडायची, आणि पाटी खाली न ठेवताच बघत उभी राहायची. शाळेच्या संमेलनात योगिनीला उड्यांसाठी स्टीलचा पेला मिळाला. तो पेला तिला मिळाला की मला, यावर माझं मत अजून वेगळं आहे.

त्याच जेटीवर मोरूने तिला एक गोष्ट शिकवली. मला एका खुंटाला बांधून तो म्हणाला, "ही बघ सुरगाठ. हिचं शेपूट ओढलं की सुटते. आणि ही निरगाठ. ही सुटत नाय. भिजली तर ब्रह्मदेवाचा बाप आला तरी सुटत नाय. होडी कधी निरगाठीने बांधायची नाय, बाय. वादळ आलं की होडीला पळता येत नाय, ती जाग्यावरच बुडते."

योगिनीने मान हलवली. मोरूने तिच्याकडून सुरगाठ इतक्या वेळा मारून घेतली की माझं टोक मऊ पडलं. ती डोळे मिटूनही मारू लागली, तेव्हा कुठे त्याने तिला घरी सोडलं.

मग व्हायचं तेच झालं, मित्रांनो. मुलगी मोठी झाली. मोठ्या मुलींनी जेटीवर उड्या मारायच्या नसतात, असं कुणीतरी ठरवून ठेवलेलं होतं. मी ट्रंकेत गेले. योगिनीने रक्त तपासायचं शिक्षण घेतलं, तिचं लग्न झालं, आणि मी तिच्या गादीची वळकटी बांधून नव्या घरी आले. नाचणे रोडला, दुसऱ्या मजल्यावर. वळकटी सुटली आणि मला स्वयंपाकघरातल्या खणात जागा मिळाली, मेणबत्त्या आणि बिघडलेल्या चार्जरांच्या मधोमध. तिथे मी वर्षांमागून वर्षं पडून राहिले. खणाच्या फटीतून घर तेवढं ऐकू यायचं.

घर म्हणजे कोण, तर योगिनी, तिची मुलगी सानवी आणि धाकटा निहार. नवरा संदेश मुंबईला एका गोदामात कामाला. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो आणि मे महिन्यात आंबे खायला येतो. बाकीचं सगळं योगिनीच्या गळ्यात. सकाळी उजाडायच्या आत डबे, मुलांना शाळेच्या रिक्षात घालायचं आणि धावत लॅब गाठायची, कारण रक्त द्यायला माणसं उपाशीपोटी येऊन बसलेली असतात. उपाशी माणूस फार वेळ थांबत नाही, लगेच आवाज चढवतो. संध्याकाळी घरी यावं तर भांडी, अभ्यास, भाकऱ्या. ही बाई बसते कधी, असा मला खणात पडल्या पडल्या प्रश्न पडायचा.

कमळाची बातमीही मला खणातच कळली. कमळाला साखरेचा आजार होता. पायाला माशाचा काटा लागला. "एवढी पाटी संपू दे, मग दाखवतंय डॉक्टरला," असं ती रोज म्हणायची. पाट्या काही संपल्या नाहीत. आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग कमळा गेली. त्या दिवसांत योगिनी स्वयंपाकघरात उभी राहून आवाज न करता रडायची. मला फार वाईट वाटायचं, पण खणातली दोरी कुणाचे डोळे पुसणार?

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचणाऱ्या योगिनीने एक दिवस आपलाच हात मैत्रिणीपुढे केला. तिची मैत्रीण निशिगंधा तिच्याच बरोबर कामाला आहे. त्या संध्याकाळी योगिनी फोनवर संदेशला सांगत होती, तेव्हा मी कान टवकारून ऐकलं.

"साखर सुरू झालीय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अजून गोळ्या नकोत म्हणाल्या. रोज अर्धा तास व्यायाम करा, गणपतीनंतर परत रक्त बघू. पण तेव्हाही अशीच असली तर... माझ्या आईचं पाऊल मी माझ्या हाताने पुसायची रे. मला ते दिसतं डोळ्यापुढे."

"अगं, एवढं काय? थोडा वेळ काढायचा," संदेश म्हणाला.

"वेळ काय फणसातला गरा आहे? हाताला तेल लावलं आणि काढला?"

फोन ठेवला, आणि मित्रांनो, खण उघडला! मेणबत्त्या बाजूला झाल्या आणि योगिनीचा हात माझ्यावर पडला. "तू अजून आहेस होय गो?" ती म्हणाली. मी आहे म्हणजे काय, मी त्या एका क्षणासाठीच तर होते! गच्चीवर तिने तळहाताला वेढे घेतले, कारण मी अजूनही तिला मोठीच होते, आणि पहिली उडी मारली. ती उडी पाहून कावळेसुद्धा हसले असतील. दोन-चार उड्यांत तिला धाप लागली. निहार टाळ्या पिटत "आई पडली, आई पडली" म्हणत होता, आणि सानवी त्याला गप्प करत होती. पण तिने सोडलं नाही. मे महिन्याच्या त्या संध्याकाळी तिच्या पायांना जेटी हळूहळू आठवू लागली. माझ्या पिळातली धूळ उडून गेली. माझे दिवस परत आले, असं मला वाटलं. किती खुळी मी!

जून आला. तुम्ही रत्नागिरीचे असाल तर पुढचं सांगायलाच नको. पाऊस एकदा बसला की आमच्याकडे कपडा वाळत नाही, नुसता शिळा होतो. मुलांचे युनिफॉर्मचे दोन जोड, एक अंगावर आणि दुसरा वाळत. गच्चीवर पाणी, गॅलरीत झड, म्हणून घरोघर बैठकीच्या खोलीत दोऱ्या बांधतात आणि माणसं ओल्या पँटी डोक्याने बाजूला सारत चहा पितात.

शाळा सुरू झाली त्याच सकाळी योगिनीच्या घरातली नायलॉनची दोरी भाराने तुटली. धुतलेले सगळे कपडे जमिनीवर. निहार एका मोज्यासाठी गळा काढून रडत होता, खाली रिक्षावाला भोंगा वाजवत होता, आणि लॅबमधून फोन आला की माणसं खोळंबली आहेत. योगिनीने चारही बाजूंना बघितलं. दाराजवळच्या खिळ्याला मी लटकत होते, लांबलचक, अगदी या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत पुरेन एवढी.

तिने माझं एक टोक भिंतीतल्या हुकात अडकवलं. दुसऱ्या टोकाला खिडकीच्या गजाभोवती वेढे दिले, आणि गाठ मारली. निरगाठ! त्यावर आणखी एक निरगाठ! "आजच्यापुरती गो," ती पुटपुटली. "उद्या दुसरी आणते, मग तुला काढते."

मोरू तांडेलाची लेक, आणि निरगाठ! मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. त्या गाठीवर ओल्या कपड्यांचं पाणी ओघळलं, सूत फुगलं आणि गाठ दगडासारखी झाली. आणि मी अडकले.

मित्रांनो, टांगलेल्या दोरीचं जिणं कसं असतं ते ऐका. माझ्यावर युनिफॉर्म, टॉवेल आणि निहारच्या चड्ड्या. संदेश मे महिन्यात मागे टाकून गेलेली एक जीन्स होती, दमट वास आला की ती परत धुतली जायची आणि आठ-आठ दिवस वाळायची नाही. एक ओझं उतरायचं आणि त्याच हाताने दुसरं चढायचं. माझ्या पोटाला झोळ पडला. उड्या मारायला जन्मलेली मी, आता हलायचे ती फक्त पंख्याच्या वाऱ्याने. मला कोंडून घातल्यासारखं व्हायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे समोर योगिनी दिसायची, ती माझ्याहून जास्त कोंडलेली.

तुम्ही म्हणाल, हिने दुसरी दोरी का नाही आणली? आणली की! बाजारातून नवीकोरी आणली. त्याच दिवशी चादरी धुवायला निघाल्या आणि ती बिचारी माझ्याशेजारी बांधली गेली. आता आम्ही दोघी टांगलेल्या. मग सकाळी चालायला जायचं ठरवलं, तर सकाळ लॅबची. संध्याकाळी ठरवलं, तर निहारला ताप. रविवारी ठरवलं, तर आठवड्याचं दळण, मासळी आणि सानवीचा मातीचा किल्ला, की प्रकल्प म्हणतात तो. एकदा तिने ओल्या कपड्यांच्या खाली दोरीशिवायच उड्या मारून पाहिल्या. लगेच खालचे महिपतकाका वर आले. "वहिनी, रागावू नका, पण आमचा पंखा हालतोय हो," म्हणाले. भला माणूस, तोही काय करणार! योगिनीने माफी मागितली आणि भाकऱ्या थापायला गेली.

रोज झोपायच्या आधी ती माझ्यापाशी येऊन उभी राहायची. कपडे चाचपायची. दमट असायचे. "उद्या," म्हणायची. एका रविवारी तिने खरंच गाठीला हात घातला. नखं मोडली, दात लावून पाहिला, पण गाठ इंचभर हलली नाही. विळीने कापावी म्हणून विळी आणलीही, पण तिचा हात वर होईना. बापाने मापून दिलेली दोरी ती! विळी परत ठेवताना तिचा चेहरा बघवत नव्हता. आईसारखीच आपलीही पाटी कधी संपायची नाही, असं तिला वाटू लागलं होतं. मला ते अगदी स्पष्ट कळत होतं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

असा आषाढ गेला, श्रावण आला. गणपती जवळ येत चालले. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मोरू तांडेल लेकीकडे आला. आता तो थकला होता. हात तेवढेच लांब, पण बोटं कापत होती. शेजारणीने दिलेल्या ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा त्याने टेबलावर ठेवला. मुलांनी झडप घातली. मोरूने एक करंजी लेकीपुढे धरली.

"मला नको, बाबा."

"नको? नारळी पुनवेची करंजी नको? बरी हायस ना गो?"

योगिनी म्हणाली, "साखर आलीय मला. मे महिन्यापासून. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

मोरूच्या हातातली करंजी तशीच राहिली. तो खुर्चीत बसला. "डॉक्टर काय बोलला?" त्याने विचारलं.

"रोज अर्धा तास व्यायाम करा म्हणाल्या. गणपतीनंतर परत बघणार आहेत."

"मग करतंस?"

योगिनीने नुसतं वर पाहिलं, माझ्याकडे. मग मोरूने वर पाहिलं. आपण मापून दिलेली वस्तू माणूस विसरत नाही. तो उठला, ओले टॉवेल बाजूला सारत खिडकीपाशी गेला आणि त्याची बोटं गाठीवर थांबली.

"ही निरगाठ कोणी मारलीन?"

मुलं करंज्या खायची थांबली. "मी," योगिनी म्हणाली.

"मोरू तांडेलाच्या लेकीने? निरगाठ?" त्याचा आवाज चढला. होडीवर असा आवाज चढला की खलाशी जागच्या जागी गार व्हायचे. पण तो तसाच खाली आला. "अगो, काय शिकवलं होतं तुला? जाग्यावरच बुडशील गो."

"बाबा, मला वेळच नव्हता!" योगिनी एकदम फुटली. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "घाई होती, पोरगं रडत होतं, आजच्यापुरती मारली! रोज म्हणते उद्या काढीन. उद्या येतच नाही. मला भीती वाटते, बाबा. लॅबमध्ये कुणाचा बांधलेला पाय बघितला की मला आईच दिसते. मी थकलेय हो. मला कुणी तरी सोडवा!"

मोरूने तिला जवळ घेतलं. मग तो गाठीशी झटू लागला. बोटांनी, पेचकसाने, खाण्याच्या काट्याने. साऱ्या जन्मात त्याने हजारो गाठी सोडवल्या असतील, पण ही त्याला दाद देईना. घाम पुसत तो म्हणाला, "सुरी आण."

"कापू नका, बाबा! तुम्ही मापून दिलीय ती."

"माझी मापं मोठी झाली गो, तवाच केरू हसला होता. दोर बाजारात परत मिळतो. तुझी आयस मिळाली परत?" योगिनीने खाली मान घातली. मोरूने सुरी घेतली आणि मूठ तिच्या हातात दिली. "वादळात गाठ सुटली नाय तर दोर तोडायचा. तांडेल दोराकडे बघत नाय, माणसांकडे बघतो. आणि ज्याने बांधलान त्यानेच तोडायचा. घे."

"पण कपडे! उद्याचे युनिफॉर्म आहेत, बाबा, सगळे पडतील."

"पडूंदेत."

"पडू देत, आई," सानवी दारातून म्हणाली. "मी उचलते. दमट असले तरी घालते. काय होत नाय."

योगिनीने माझ्यावर सुरी धरली. मी सांगते, मित्रांनो, मला दुखलं. एकेक सूत तुटताना मला मिरकरवाडा आठवला, कमळा आठवली, स्टीलचा पेला आठवला. मग एकदम मी सैल झाले आणि खाली आले, आणि माझ्यावरून युनिफॉर्म, टॉवेल, चड्ड्या आणि ती मेली जीन्स, सगळं धबाधब जमिनीवर! निहार आनंदाने ओरडत त्या ढिगात लोळला. योगिनी तोंडावर हात घेऊन उभी राहिली. काहीतरी भयंकर होणार अशी तिची समजूत होती. काहीच झालं नाही. सानवीने कपडे उचलले, झटकले आणि खुर्च्यांच्या पाठीवर पसरले.

मोरूने मला हातात घेतलं, माझ्या तुटल्या टोकाला दोऱ्याचे घट्ट वेढे दिले, आणि मला लेकीच्या हातात ठेवून म्हणाला, "खाली जा."

"आत्ता? स्वयंपाक..."

"मी पेज करतंय. जा."

इमारतीखाली गाड्या ठेवायला कोरडी जागा आहे. तिथे योगिनीने मला दोन्ही हातांत धरलं आणि सवयीने तळहाताला वेढा घ्यायला गेली, तर वेढ्यापुरती मी उरलेच नव्हते. मी तिच्या मापात आले होते. मोरूने सांगितलं होतं ते खरं झालं, फक्त ती मोठी होऊन नव्हे, मी लहान होऊन. ती हसली आणि रडलीही. मग सट् सट् सट्! महिपतकाका आवाज ऐकून खाली आले, काय चाललंय ते बघितलं, आणि गुपचूप आपली स्कूटर ढकलून बाजूला लावून गेले.

त्याच आठवड्यात घरातली नवी दोरी सोडून त्याच खोलीत जरा खाली बांधली गेली, सानवीच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर. आजोबांनी तिला सुरगाठ शिकवली. आता आपापले कपडे ज्याने त्याने वाळत घालायचे असं ठरलं. निहारचे कपडे बहुतेक वेळा उलटे टांगलेले असतात, पण टांगलेले असतात. संदेश गणपतीला आला तेव्हा "त्यात काय मोठं" म्हणत त्यानेही मला हातात घेतलं. तिसऱ्याच उडीला पाय गुंतून तो महिपतकाकांच्या स्कूटरवर पडला. त्यानंतर वेळ काढण्याबद्दल तो काही बोललेला नाही. त्याची जीन्स मात्र घरी आला की आता तो स्वतः पिळतो.

गौरी-गणपती गेले आणि योगिनी रक्त द्यायला बसली. मी तिच्या पर्समध्ये होते. सुई निशिगंधाने टोचली. नंतर डॉक्टरबाईंचा आवाज ऐकू आला. "उतरलीय. पुरती नाही, पण उतरलीय. आता मात्र सोडायचं नाही हं." योगिनीने पर्समध्ये हात घालून मला मुठीत घट्ट धरलं. बाहेर येईपर्यंत तिने मूठ सोडली नाही.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही, कारण मला खोटं बोलायची सवय नाही. माझा हातभर तुकडा अजून त्या खिडकीच्या गजाला आहे, निरगाठीसकट. योगिनीने तो मुद्दाम ठेवलाय. कधीकधी संध्याकाळ उलटत आली तरी मी खणातच पडलेली असते. लॅब आहे, मुलं आहेत, दळण आहे. पाट्या काही संपत नाहीत. मेणबत्त्यांच्या मधे पडले की मला जुनी धास्ती वाटते, पुन्हा अडकले की काय मी!

पण रोज संध्याकाळी मिरकरवाड्याहून फोन येतो. मोरू जेवलीस का विचारत नाही, पोरं कशी आहेत विचारत नाही. तो एकच विचारतो. "बाय, दोरी खंय हाय?"

बापाशी खोटं बोलणं योगिनीला जमत नाही. कितीही दमलेली असली तरी ती फोन कानाला लावूनच उठते, खण उघडते, मला बाहेर काढते, आणि मग सांगते, "हातात हाय, बाबा." आणि एकदा हातात आले की मला परत खणात टाकणं तिच्या जिवावर येतं. ती चपला घालते आणि आम्ही खाली जातो.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी दोरी असेल. नाहीतर धूळ खात पडलेले बूट असतील, गंजलेली सायकल असेल. ती कुणाची आहे आणि तिच्यावर कुणाचे कपडे वाळताहेत, तेवढं बघा. आपले असतील तर उचला. आणि संध्याकाळी आई-बाबा दमून घरी आले की एकदा मोठ्याने विचारा, "दोरी कुठं आहे?"